फोटोबाहेरची वहिनी

मी माझ्या विधवा भावजयीला फसवलं. गावात मी उलटंच सांगत आलो — आणि खरं काय ते घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नाही. आज तुम्हाला सांगतो.

कुरुंद्याचं ते घर मी हळदीच्या दलालीवर बांधलं. थोरल्या भावाला राहायला दिलं, तर तो चारचौघांत त्याला आपलं घर म्हणायचा. माझ्या अंगाचा भडका व्हायचा. पण मरताना त्यानं माझा हात धरला, आणि मी शब्द दिला — वहिनी इथंच राहील. कागद मात्र माझ्याच नावावर होता.

जर्मनची दुसरी लढाई चालू होती तेव्हा त्या घराला हैदराबादचं एक पेन्शनर गिऱ्हाईक मिळालं. एवढ्या लांब यायला तयार नव्हतं. घराचा फोटो पाठवा म्हणालं. आणि फोटोत विधवा बाई दिसली, तर ते पहिलं काय विचारील? — हिचा हक्क काय? भाव तिथंच पडतो. जन्मभर सौदे केलेल्या माणसाला एवढं कळत होतं.

मग मी काय केलं? वहिनीला म्हणालो, तुमच्या गयेसाठी वसमतचं स्थळ आहे, मुलाकडच्यांना घराचा फोटो बघायचाय. गया तिची एकुलती लेक.

चार दिवस ती बाई राबली. पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, अंगण सारवलं, शेजारणींचे पितळी हंडे मागून आणून ओसरीवर मांडले. नांदेडचा फोटोवाला आला तेव्हा तिला बाजूला हो म्हणावंसुद्धा लागलं नाही.

"भाऊजी, चांगल्या कामात माझं तोंड काहून? मी गोठ्यात बसते."

ती असंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर स्थळाची थाप मारली होती.

फोटोवाला काळ्या फडक्यातून म्हणाला, "मालक, जरा ऐटीत उभे राहा की. घर तुमचंच हाय ना?" मी त्याच्यावर खेकसलो.

"झालं का हो भाऊजी?" गोठ्यातून वहिनी विचारून राहिली होती. "हंडे दिसून राहिले न्हवं?"

दिसले. भावही चांगला आला.

पुढं तीन महिने ती विचारायची, निरोप आला का. मी म्हणायचो, पत्रिका बघून राहिले. मग एके सकाळी पेन्शनरचा माणूस कुलूप घेऊन दारात उभा राहिला. वहिनी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मंग गयेचं स्थळ?"

ती लेकीला घेऊन कळमनुरीकडं माहेरी गेली. गयेचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही. गावाला सांगितलं, वहिनीच माझं घर दाबून बसली होती. घर माझंच होतं — ते मी आजही म्हणतो. पण एका आईला लेकीच्या लग्नाची आशा लावून तिच्याच हातानं तिचं राहतं घर विकायला सजवून घेतलं, त्याचा जाब कुणीतरी द्यायलाच पाहिजे. भाऊ मेला. गिऱ्हाइकाला काही माहीत नव्हतं.

मीच उरतो. मी द्यावा.