मामाच्या दुकानातला लॅपटॉप

माझा चेहरा वाक्याच्या मध्येच गोठला तेव्हा तोंड उघडं होतं आणि एक डोळा मिटत आला होता. मांडवगणातल्या आमच्या घरातून मी पुण्याच्या एका क्लासमधल्या दहावीच्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवत होते. वर्तुळाची स्पर्शिका चालू होती. आधी माउस हलेना, मग पडदा निळा झाला. वर रडक्या चेहऱ्याची खूण आणि खाली इंग्रजीत, तुमच्या संगणकात बिघाड झाला आहे. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत पोरांनी माझ्या त्या गोठलेल्या चेहऱ्याचं स्टिकर करून टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम हँग’.

ते क्लासच्या ग्रुपवर आलं. चुकून आलं की मुद्दाम, मला कळलं नाही. कुणी ते काढलं नाही. एका पालकाने खाली हसण्याची खूण टाकली.

लॅपटॉप नवाकोरा होता. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, आई अंगणवाडीत. बी.एस्सी. झाल्यावर मी शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायला उभी राहत होते, दिवसभर पायावर. त्या पगारातून लॅपटॉप घ्यायचा आणि घरी बसून शिकवायचं, एवढं मी ठरवलं होतं. शिरूरच्या दुकानातून घेणार होते, पण आई म्हणाली, “घरचं दुकान असताना लोकांची भर कशाला? मामाला काय वाटंल?”

मामाचं दुकान दौंडला, स्टेशनच्या जवळ. मोबाइल, लॅपटॉप, सीसीटीव्ही, सगळं. खाली दुकान, वर घर. आईचा एकुलता एक भाऊ. वडील गेल्यावर दहाव्यापर्यंत सगळी धावपळ त्यानेच केली, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. त्याने माझ्यासमोर खोका दाखवला, पण हातात दिला नाही. “सगळं टाकून देतो आत. विंडोज, ऑफिस, तुझं ते शिकवायचं. पुढच्या आठवड्यात ये.” आठवड्याने गेले तेव्हा लॅपटॉप पिशवीत होता. खोका? “वारंटीला लागतो, हितंच राहू दे. आन् एक ध्यानात ठेव, दुसऱ्या कुणाकडं उघडलास तर वारंटी गेली.”

पहिल्या दिवसापासून तो रखडत होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा होऊन पिऊनही व्हायचा. मग निळा पडदा सुरू झाला. कधी दिवसातून एकदा, कधी एकाच तासात दोनदा. आधी मी जे जे घरी करता येतं ते केलं. अपडेट केले, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, व्हायरस शोधला, खाली दोन पुस्तकं लावून हवा खेळती ठेवली. काही फरक नाही. मग मी आणि आई दौंडला गेलो. चौफुल्याला उतरून पाटसवरून जाणारी गाडी धरायची. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती आणि मांडीवर लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा धरून मी बसले होते.

मामाने तो उघडूनसुद्धा बघितला नाही. “तुमच्या गावची लाइटच तसली. कवा येती, कवा जाती. मशीन काय करणार?”

“मामा, बॅटरीवर पण होतं.”

दुकानात गिऱ्हाइकं होती. मामाने माझा हात धरून वर केला, सगळ्यांना दाखवला. “बोटं बघा हिची. भाकरी थापल्यागत बडवत असंल कीबोर्ड. अगं, हे कारखान्यातलं मशीन न्हाई.”

लोक हसले. आईही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

एकदा मी विचारलं होतं, खोक्यावर रॅम सोळा लिहिलेली मी पाहिली होती, इथे आठच का दिसते? “निम्मी विंडोज सवताला राखून ठेवतं,” मामा म्हणाला. “तुला समजंल असं कसं सांगू?” मी ते मानलं. दुकान त्याचं होतं, धंदा त्याचा होता. शेवटी त्याने विंडोज नव्याने टाकून दिलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

क्लासमध्ये मला अजून कायम केलेलं नव्हतं, काही तास अजमावून बघत होते. त्यातल्या शेवटच्या तासाला पालक ऐकायला बसणार होते. त्या दिवशी मी सकाळपासून लॅपटॉपला हातही लावला नाही, तो थकू नये म्हणून. प्रमेय अर्ध्यावर आलं आणि पडदा निळा झाला. परत जोडले जाईपर्यंत तास संपवलेला होता. क्लास चालवणाऱ्या बाईंचा फोन आला.

“गावाकडून काम करणाऱ्यांची हीच रड असते. शिकवता आलं नाही की नेट जातं. नेट असलं की लॅपटॉप जातो.”

“मॅडम, मी खरंच…”

“तुमचा चेहरा मात्र पोरांना आवडला हं. स्टिकर अजून चालतंय.” आणि फोन ठेवला.

आई भाकरी करत होती. तिने तव्यावरून नजर काढली नाही. “गेलं ना काम? मी म्हनत व्हते, हे काय खरं न्हाई. कारखाना बरा व्हता.” मग तिने मला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. मी जेवले नाही, तर माझंही ताट तिनेच शांतपणे संपवलं.

दुसऱ्या दिवशी आई अंगणवाडीत गेल्यावर मी पहिल्यांदा, लॅपटॉप मामाने दिला आहे हे विसरून, त्या यंत्राकडे बघितलं. निळ्या पडद्यावर खाली जे इंग्रजी शब्द येतात ते आतापर्यंत मी वाचून सोडून देत होते. ते लिहून घेतले आणि शोधले. बहुतेक मेमरीकडे, म्हणजे रॅमकडे, बोट दाखवत होते. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते, ती चालवली. तपासणी अर्ध्यावर असतानाच उत्तर आलं: हार्डवेअरमध्ये दोष आहे. मग डिस्कची तब्येत सांगणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला. डिस्क किती तास चालली आहे तेही तो दाखवतो. माझा लॅपटॉप घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिथला आकडा काही वर्षांचा होता.

वारंटी गेली तर जाऊ दे म्हणून मी मागचं झाकण उघडलं. एक स्क्रू मुळातच नव्हता. आत रॅमची एकच पट्टी, तिच्यावरचा कागद नखाने खरवडल्यासारखा अर्धा निघालेला, आणि पट्टीला चिकटलेला एक केस. नव्या लॅपटॉपमध्ये केस. मी तो चिमटीत धरून उजेडात बघितला.

आईला म्हटलं, उद्या दौंडला जायचं. माहेरी जायचं म्हटलं की आई निघायच्या आधीच तयार असायची. त्या दिवशी म्हणाली, “मला न्हाई जमायचं. पाय दुखत्यात.” मी ऐकलं नाही. तिला घेऊनच गेले.

मामा सीसीटीव्हीच्या दोन गिऱ्हाइकांशी बोलत होता. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला. “मामा, याच्यातली डिस्क वापरलेली आहे. रॅम पण. आणि रॅम खराब आहे.”

“कोन म्हनलं?”

“मी तपासलं.”

“आता ही तपासनार!” मामा गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला. पण ती हसली नाहीत. त्यातला एक पुढे सरकून लॅपटॉपकडे बघायला लागला. मामाचा आवाज बदलला. “तुझा बाप गेला तवा कुनी केलं सगळं? आं? आन् आता चोर म्हनाया आलीस?”

“खोका दाखवा. त्यावर काय लिहिलंय ते बघू.”

मामाने माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. “सांग हिला. तुला इचारूनच केलंय मी.”

मी वळले. आई भिंतीवर टांगलेल्या इअरफोनच्या पाकिटांकडे बघत होती.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “त्याच्या पोराचा लॅपटॉप बंद पडत व्हता. त्याचं शेवटचं वरीस. तो इंजिनेर हुनार हाय. तुझं काय, आज हाय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील. नुसतं आतलं बदललं. वरून नवाच व्हता की.”

एवढ्या दिवसांत ती रोज माझ्याबरोबर त्याच खोलीत होती. मी ड्रायव्हर बदलताना, रडताना, बाईंचा फोन घेताना. माझ्या बोटांवर ती हसली होती तेव्हाही तिला ठाऊक होतं.

मामेभाऊ वरच होता, सुट्टीला आलेला. मी म्हटलं, “त्याचा लॅपटॉप खाली आणा. माझं मला काढून द्या.”

“दिलं तर तुझ्या आईनं या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई,” मामा म्हणाला. तो आईला ऐकवत होता.

“द्या.”

गिऱ्हाइकं समोर उभी होती म्हणूनच त्याने दिलं असेल. मामेभाऊ लॅपटॉप छातीशी धरून खाली आला. वाईट मुलगा नव्हता. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं. पप्पांनी करून दिलं. याच्यात माझा प्रोजेक्ट आहे, उद्या पाठवायचाय. कॉपी करू दे. अर्धा तास थांब फक्त.”

“घेऊ दे त्याला,” आई म्हणाली. “तुझ्या पाया पडते.”

मला तो तास आठवला, पालक ऐकायला बसले होते तो. “मामा, स्क्रू काढा,” मी म्हणाले.

मामी जिन्यात येऊन उभी राहिली होती. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. ती आईला म्हणाली, “वन्सं, चांगली वाढवलीत.”

परतीच्या गाडीत आई दुसऱ्या बाकावर बसली. घरी आल्यावर मी रॅम आणि डिस्क माझ्या लॅपटॉपमध्ये बसवली, मेमरी पुन्हा तपासली. एकही चूक नाही. नवं विंडोज टाकायला घेतलं, तेव्हा पडद्यावर विचारणा आली: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? आई दारात येऊन उभी होती.

“त्याचं हाय त्यात अजून?”

“आहे.”

“दुसरीकडं काढून ठिवता येत न्हाई?”

“येतं,” मी म्हणाले, आणि हो दाबलं.

मामेभावाचं ते सत्र गेलं असं पुढे कुणीतरी आईला सांगितलं. आईने ते मला सांगितलं, जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात. माझा लॅपटॉप त्यानंतर कधी निळा झाला नाही. शिरूरच्या दोन-तीन घरांतली मुलं मिळाली, त्यांच्याकडून आणखी मिळाली, आणि मी शिकवायला लागले. आम्ही दोघी एकाच घरात राहत होतो आणि कामापुरतं बोलत होतो.

भाऊबीजेला आई दौंडला निघाली. मी अडवलं नाही आणि बरोबरही गेले नाही. करंज्यांचा डबा, ओवाळायचं ताट पिशवीत. दुपार ढळताना ती परत आली. डबा तसाच होता, दोरीची गाठही न सुटलेली. ती घरात येऊन बसली, पाणी प्यायली.

“भेटले का मामा?” मी विचारलं.

“वरनं खिडकीतनं बघितलं त्यानं,” ती म्हणाली. “दार न्हाई उघडलं. मी खाली दुकानाच्या पायरीला बसले व्हते. लई येळ.”

इतक्यात माझ्या तासाची वेळ झाली. मी आतल्या खोलीत गेले, लॅपटॉप उघडला, तो लगेच सुरू झाला. मुलं एकेक करून दिसायला लागली. बाहेर आई डब्याची गाठ सोडत होती. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतल्या पोरांना तिने त्या करंज्या वाटून टाकल्या. घरात एकही ठेवली नाही.