उलट्या टमाट्याचा नवस

आमच्या घरी टमाट्याचं झाड खाली डोकं वर पाय लावतात.

वडीगोद्रीत सगळ्यायला ठाऊक हाये ते. आमच्या ह्यायचं हायवेला दुकान हाये, पान्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, आन गिऱ्हाईक नसलं की मोबाईल बघतात. मागच्या साली त्याच्यातच त्यायनी बघितलं, की डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, रोप त्याच्यातून खाली सोडायचं, वरून माती भरायची आन डबा टांगून द्यायचा. जागा लागत न्हाई, खुरपनी न्हाई, कोंबड्या उकरत न्हाईत. झालं! रंगाचे रिकामे डबे आनले आन घरापुढच्या पत्र्याच्या शेडला जो लोखंडी पायप हाये, त्याला लायनीत टांगले. आत्याबाई, म्हन्जे माझ्या सासूबाई, किती तरी टाइम बघत राह्यल्या आन म्हनल्या, "झाडानं काय पाप केलं व्हतं रे?"

टमाटे आले. लिंबायवढे आले, पन आले. मंग झाडं वाळली, आन डबे तसेच लटकत राह्यले.

यंदा हे म्हनले, नवे डबे कशाला, तेच वापरू. जुनी माती काढ, डबे धून उन्हात टाक, नवी माती आन शेनखत भरून ठेव, मी येताना रोपं आनतो. मी बरं म्हनले. बरं म्हनायला काय लागतं.

आता एक सांगून ठेवते, मी भित्री हाये. लई भित्री. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी अंगनात जाऊन उभी राहते. लेकरू झाल्यापसून तर बिलकुल इचारू नका. गुड्डी शिंकली की मी जाफराबादला माझ्या आईला फोन लावते (आई आता उचलतच न्हाई, नुसतं "वाफ दे" असा मेसेज टाकते). गुड्डी म्हन्जे माझी लेक. अजून रांगतेच, पन अशी गुटगुटीत, की डोस पाजायला येनारी ताई तिला उचलायच्या आधी कंबरेला पदर खोचते.

त्या दुपारी लाईट गेल्ती. घरात नुसतं उकडून राह्यलं व्हतं, म्हनून गुड्डीची झोळी मी बाहेर त्याच शेडच्या पायपाला बांधली. डब्याच्या लायनीतच. (हा झाला पहिला शहानपना.) ती झोपली. आत्याबाई उंबऱ्यात डाळ निवडत बसल्या. मी स्टुलावर चढून एक डबा काढला, उपडा केला. दुसरा काढला. आन तिसऱ्याकडं बघितलं, जो बराबर झोळीच्या वर व्हता.

त्याच्या बुडाच्या भोकातून शेपूट लोंबत व्हतं.

काळंभोर. वर जाड, खाली बारीक व्हत गेलेलं. मी म्हनले, मुळी असंल वाळलेली. तर ते हललं.

आमच्याकडं त्याचं नाव घेत न्हाईत. नाव घेतलं की ते येतं, असं आत्याबाईचं म्हननं. लांबडं म्हनायचं. इथं तर नाव न घेताच आल्तं, आन माझ्या लेकराच्या डोक्यावर आल्तं. मी स्टुलावरून कशी उतरले ते मला आजबी आठवत न्हाई.

तुमी म्हनाल, उचलायचं न् लेकरू, पळायचं. मी बी तेच म्हनले. एक बोट झोळीला लावलं, तर पायप किर्रर्र वाजला, डबा डुलला, आन शेपूट अजून खाली आलं. बोट मागं घेतलं. शेपूट थांबलं. डब्याच्या आतून आवाज आला, खर्र खर्र, जसं कोनी आत कूस बदलून राह्यलं.

"आत्याबाई," मी म्हनले. आवाज असा निघाला, जसा मोबाईलची बॅटरी संपत आल्यावर निघतो.

"काय गं?"

"लांबडं. डब्यात. गुड्डीच्या वर."

त्यायच्या मांडीवरचं सूप सांडलं. पन बाई धीराची. चष्मा घरात, तरी काठी घेऊन आल्या आन उगारली ती नेमकी रिकाम्या डब्यावर. मी हाताला धरलं, म्हनले तो न्हाई, तो बाजूचा, आन मारू नका, मारलं तर लेकरावरच पडंल. मंग आमी दोघी काठीला धरून उभ्या राह्यलो, झेंडावंदनाला उभ्या राहतात तशा.

ह्यायला फोन लावला. हे म्हनले, हात लावू नका, सर्पमित्राला फोन करा, नंबर पाठवतो, मी निघालोच. सर्पमित्र म्हनले, आधी फोटो पाठवा, कोन्त्या जातीचं हाये ते बघतो. मी पाठवला. त्यायचा जल्दीनं फोन आला. म्हनले, ताई, हा तुमचा अंगठा हाये. दुसरा पाठवला. म्हनले, ह्याच्यात म्हातारी बाई हाये, काठी घेऊन. शेवटी म्हनले, फोटो राहू द्या, मी अंकुशनगरला हाये, येतोच. तवर त्याच्यावरची नजर हलू देऊ नका.

मी नजर हलू दिली न्हाई. पापनी बी लवू दिली न्हाई. डोळ्यातून पानी वाहून राह्यलं, ते भेवाचं का पापनीचं ते बी कळंना.

आन तेवढ्यात झोळीतून एक पाय बाहेर आला.

गुड्डी उठली. आता ही पोरगी उठली की रडत न्हाई, ती उड्या मारते. झोळी खालीवर व्हायला लागली, पायप किर्र किर्र, सगळे डबे डुलायला लागले, शेपूट असं तिच्या तोंडावर यायला लागलं, आन ती खाली बोळकं पसरून हसून राह्यली, वर हात करून. शेपूट धरायला.

मी डोळे मिटले आन मोठ्यानं म्हनले, अंबडच्या देवी, माझ्या लेकराला राख, तिच्या भारंभार तुला... आन मला गूळ म्हनायचं व्हतं हो. सगळे गूळच वाहतात, लेकरू तराजूच्या एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात. पन डोळे उघडले तर समोर डबेच डबे, आन तोंडातून निघालं, "तिच्या भारंभार टमाटे वाहीन. ह्याच डब्यातले!"

आन मी झेप घेतली.

झोळीसकट लेकरू ओढलं. डब्याची कडी एका बाजूनं निसटली, डबा तिरपा झाला, भसकन माती माझ्या डोक्यावर, आन मातीसंगं ते. खांद्यावर. गार. लांब. मी पळाले. समोरच्या सुमनकाकूनं अंगनात गहू वाळत घातले व्हते, त्याच्यातून पळाले, त्यायच्या घराला चक्कर मारली, परत गव्हातून पळाले. मागून आत्याबाई काठी घेऊन. "थांब! तुझ्या खांद्यावरच हाये!" आता तुमीच सांगा, असं सांगितल्यावर मानूस थांबंल का?

थांबवलं ते गुड्डीनं. तिनं माझ्या खांद्यावरचं ते शेपूट धरलं आन गपकन तोंडात घातलं.

मी थांबले. मी, कुकरला भिनारी, मी ते हातानं धरलं. मुठीत धरलं आन तिच्या तोंडातून ओढून काढलं, आन हातातच धरून उभी राह्यले, म्हनले, चाव. मला चाव. तिला न्हाई.

ते चावलं न्हाई. सुमनकाकू हळूच जवळ आल्या, वाकून बघितलं. त्याच्या दुसऱ्या टोकाला, जे इतका टाइम डब्यात दडलं व्हतं, सोनेरी गोंडे व्हते.

"अगं," काकू म्हनल्या, "हे तर तुझ्या लग्नातलं गंगावन हाये."

गंगावन म्हन्जे खोटे केस, येनीत गुंफतात येनी लांब दिसावी म्हनून. माझंच. मागच्या साली हे म्हनले, भोकातून माती गळते, बोळा लावायला काही तरी मऊ दे. खुंटीवर हे गुंता झालेलं लटकत व्हतं, ते मीच दिलं, आन इसरून गेले! मंग हललं काय? तर आत्याबाई चष्मा लावून त्या तिरप्या डब्याखाली जाऊन उभ्या राह्यल्या. डब्याच्या काठावर एक खार बसली व्हती, आन आमाला जे बोलून राह्यली व्हती, ते बरं झालं आपल्याला कळत न्हाई. आत तिची पिल्लं व्हती. बिचारी त्यायच्या अंथरुनासाठी माझं गंगावन आतून उकलून राह्यली व्हती, तसं ते खाली सरकून राह्यलं व्हतं, आन मी बाहेरून तिला कुटाना करून राह्यले व्हते. आईच ती बी. आत्याबाईनं डबा तारेनं सरळ बांधून दिला, म्हनल्या, बाळंतिनीचं घर हाये, ह्याला कोनी हात लावायचा न्हाई.

सर्पमित्र आले. हातात आकडा, पायात मोठे बूट, मागं आमचे हे आन अर्धी गल्ली. त्यायनी गंगावन आकड्यावर उचललं, उलटं पालटं करून बघितलं आन म्हनले, "बिनविषारी हाये, ताई."

लोक दोन्ही हातांनी पोट धरून हसले. मी बी हसले. वाटलं, चला, संपलं.

तर आत्याबाई म्हनल्या, "देवीला काय बोललीस?"

मी म्हनले, गूळ म्हनायचं व्हतं.

"बोललीस टमाटे. ह्याच डब्यातले. मला दिसत कमी असंल, ऐकू बराबर येतं."

नवस मोडायची माझी हिंमत न्हाई. जी बाई गंगावनाला भिते, ती देवीला किती भीत असंल! म्हनून जुने डबे सगळे धून, वाळवून, रोपं लावून परत टांगले, खारीचा सोडून. तिला धक्का नको म्हनून तिच्या बाजूचे तेवढे कपड्याच्या तारेला टांगले. टमाटा लाल झाला की मी देवीचा म्हनून बाजूला ठेवते, आन रोज गुड्डीकडं बघते. टमाटे पिकतात हळूहळू. ती वाढते जल्दी. वरून खारीची पिल्लं मोठी झाली, त्यायनी उलट्या झाडावर उलटं लटकून खायचं शिकून घेतलं.

परवा आत्याबाईनं किराना दुकानातून तराजू आनला, म्हनल्या बघू तर किती कमी पडतात. गुड्डीला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात टमाटे घातले. पारडं हललं बी न्हाई. मी अजून आनायला वळले, आन परत बघते तर हिनं हात लांब करून देवीचा टमाटा उचलला, अन् खाऊन राह्यली. म्हन्जे तिकडचं कमी, आन इकडचं जास्त!

येनारेजानारे शेडखाली थांबून इचारतात, काय गं, इतके टमाटे उलटे टांगलेत, त्यायला तरास न्हाई व्हत का? मी म्हनते, त्यायचं मजेत चाललंय हो. टांगलेली मी हाये.