आळशी कोणाला म्हणता?

सरोजिनीबाईंचा पारा चढायला फार काही लागत नाही. सिंगापुरात हौगांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या इतिहासाची ट्युशन घेतात, आणि सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये इतके भिकारी आले कुठून हा प्रश्न निघाला, की त्यांचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू जातो.

"लेझी होते, लाह," असं परवा त्यांची विद्यार्थिनी आर्या इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि संपलंच!

"लेझी? अगं, पिढ्यान्‌पिढ्या शेत कसणारी माणसं ती! लोकरीला भाव आला, तशी जमीनदारांनी गायरानं कुंपणात घातली आणि मेंढ्या सोडल्या. गावभर नांगर चालायचे तिथे एक मेंढपाळ पुरला. वर धान्य महागलं, अडल्यानडल्याला घास घालणारे मठ राजाने बंद केले. घर गेलं म्हणून माणूस रस्त्यावर आला, तर रस्त्यावर दिसला म्हणून त्यालाच फटके! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

आर्याने मुकाट्याने लिहून घेतलं.

हा राग नुसता पुस्तकी नव्हता. बाईंच्या नवऱ्याचे जुने मित्र निशिकांतराव एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. कंपनीने ते सगळं काम स्वस्तात दुसऱ्या देशात हलवलं. पन्नाशीतल्या माणसाला पुन्हा नोकरीवर कोण घेतं? त्यातच बायकोचं आजारपण निघालं. फ्लॅट विकला, तरी ती गेलीच. आता हे गृहस्थ कधी पलीकडे यिशुन भागात कुणाच्या सोफ्यावर झोपतात, तर कधी रात्रभर उघड्या असणाऱ्या कॉफीशॉपच्या खुर्चीत. आणि आपली मंडळी काय म्हणतात? माणसाने जरा हातपाय हलवायला नकोत? जळलं मेलं ते बोलणं!

मराठी मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाला निशिकांतराव हॉलच्या दारात दिसले, तसा शिरीष लगबगीने आडवा गेला. शिरीष बँकेत बडा साहेब, गणपतीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे.

"निशिकांतराव, या वर्षी नोंदणीशिवाय आत नाही हो. तुम्हाला सोडलं की उद्या कोणीही येईल. थांबा, डबा भरून देतो."

बाईंनी ऐकलं मात्र! "डबा? दारात? अरे, लाज नाही वाटत? त्या काळी इंग्लंडातही हेच, आपल्या गावचा नाही ना, मग हाकला! उद्या तुझी नोकरी गेली, इथे राहायचा पास संपला, की तूही निघालास बिऱ्हाड पाठीवर घेऊन. तेव्हा तुला आळशी म्हणू? गणपतीचा प्रसाद आहे तो, तुझ्या घरची खिरापत नाही! भाऊजींना पहिल्या पंगतीला बसव, माझ्या पानावर. भुकेल्या माणसाला दारातून परत पाठवतोस?"

शिरीषने हात जोडले. "बसा हो, बसा. चुकलंच माझं."

निशिकांतराव मात्र जागचे हलले नाहीत. कानापर्यंत लाल झाले होते.

"वहिनी, पुरे," ते हळूच म्हणाले. "मी जेवायला आलोच नव्हतो. पंगतीत दरवर्षी मठ्ठा मीच वाढतो ना? या वर्षी कुणी बोलावलं नाही. म्हटलं, विसरले असतील."

बाई एवढं तावातावाने भांडल्या, पण हा माणूस कशासाठी आलाय हे त्यांनीही विचारलं नव्हतं. आत पानं मांडून झाली होती, आणि मठ्ठ्याचा जग घेऊन शिरीषचा मुलगा उभा होता.

निशिकांतराव बाह्या दुमडूनच आले होते. त्या त्यांनी खाली केल्या, मनगटाशी बटणं लावली आणि जिना उतरून गेले.