अवकाशातल्या विजेसाठी राखलेला माळ

अमेरिकेत हर्नडनमधल्या ज्या छोट्या कंपनीत मी नोकरी करते, तिचे मालक बाबांचे कॉलेजमधले मित्र. ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणते. इथलं पहिलं वर्ष मी त्यांच्या बेसमेंटमध्ये काढलं, व्हिसाही त्यांच्याच कंपनीचा. गप्प राहा, असं मला सांगायची वेळ कधी कोणावर आली नाही.

अवकाशात सोलर पॅनल उभारायची आणि तिथली वीज मायक्रोवेव्हने जमिनीवर आणायची, हे कंपनीचं स्वप्न. ती गावांना कितीला पडेल, हा हिशेब माझ्याकडे होता. आजच्या खर्चाने ती कोणत्याच गावाला परवडत नव्हती. सगळं रॉकेटच्या भाड्यापाशी अडायचं.

"अगं, दहा वर्षांत लाँच स्वस्त होणारच आहे," काका म्हणाले. "तोच रेट धर."

मी धरला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तशी टीप टाकली. टीप टाकली की आपण सुटलो, असं मला तेव्हा वाटायचं.

चार तासांवर डोंगरात एक गाव आहे. तिथली कोळशाची खाण बंद पडलेली, पण विजेची सहकारी संस्था गावाची स्वतःची. संस्थेकडे सपाट असा एकच माळ होता. दुसरी एक कंपनी त्याच उन्हाळ्यात तिथे साधी सोलर पॅनल आणि बॅटऱ्या बसवायला तयार होती. काकांना तो माळ आमच्या ग्राउंड स्टेशनसाठी, म्हणजे वरून येणारी वीज झेलणाऱ्या अँटेनांसाठी, राखून हवा होता. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

मीटिंग फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होती. संस्थेच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई, आयुष्यभर स्कूल बस चालवलेल्या. काका तासभर छान बोलले. बाई मात्र चष्मा नाकावर ओढून माझा कागद वाचत होत्या. मग त्यांनी काकांना नाही, मला विचारलं, "हा रेट आजचा आहे का?"

काकांचं हसू तसंच राहिलं. घरी पाहुणे आले की मुलीकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. चारचौघांत मोठ्यांचं बोलणं खोडायचं नसतं, हे मी फार लहानपणी शिकले आहे.

"प्रोजेक्शन आहे," मी म्हणाले.

शब्द खरा होता; प्रोजेक्शन म्हणजे पुढचा अंदाजच. बाईंनी मान हलवली, आणि थोड्या वेळाने माळ करार करून आमच्यासाठी राखायच्या बाजूने हॉलमधले हात वर गेले.

परतताना गाडीत काकूंनी दिलेले पोळीचे रोल खाताना काका म्हणाले, "चांगलं बोललीस."

याला दोन वर्षं झाली. कंपनीने तो प्रोजेक्ट केव्हाच बाजूला ठेवला. आता आम्ही डेटा सेंटरची कामं घेतो. गेल्या महिन्यात बाईंची मेल आली. पॅनलवाली कंपनी दुसऱ्या काउंटीत निघून गेली, विजेचं बिल वाढलं आणि माळावर फक्त गवत आहे. करारातून जमीन सोडवता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. राग कुठेच नव्हता. शेवटी लिहिलं होतं: "त्या दिवशी मी हो म्हटलं ते तुझ्याकडे बघून. तू एकटीच काही विकत नव्हतीस."

काकांनी मेल वाचली. करार सोडवायचा तर वकील लागतील म्हणाले, आणि काहीतरी गोड उत्तर लिही म्हणाले.

मी एकच वाक्य लिहिलं आहे, की तो रेट आजचा नव्हता. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.