श्री. झोत यांची चौकशी

वेधशाळेत तिला सगळे मोजणीताई म्हणत. घरासाठी कापड घेतलं तरी दुकानदाराच्या नजरेसमोर पुन्हा मोजणारी बाई. सतरा वर्षं तिचं एकच काम: दरवर्षी एका जोडताऱ्याचं छायाचित्र घ्यायचं आणि त्यातून उसळलेला वायूचा झोत किती पुढे सरकला ते मोजायचं. भोवतीच्या तेजोमेघात घुसल्यापासून झोताचा वेग उतरत होता. नेमका किती, ते अठराव्या छायाचित्रावर ठरणार होतं. ते हुकलं की सतरा वर्षं पाण्यात.

वार्षिक तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘झोत मंदावला.’

आस्थापना विभागात ‘मंदावला’ हा शब्द फक्त कामचुकारांसाठी राखीव. आठवड्यात पत्र आलं: ‘श्री. झोत यांनी समक्ष खुलासा करावा. तोवर त्यांचे काम बंद.’ म्हणजे ताईची दुर्बीणही बंद.

“अगं, ‘स्थिर’ लिही आणि मोकळी हो,” नवरा म्हणाला.

“स्थिर असता तर सतरा वर्षं मी काय झक मारत होते?”

चौकशीला ती स्वतःच गेली.

“झोत कुठायत?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, तो माणूस नाही. वायू आहे. तीन हजार प्रकाशवर्षं लांब.”

“म्हणजे मुख्यालयाबाहेर. परवानगी घेतली होती?”

शेजारच्या कारकुनाने लिहिलं: विनापरवाना गैरहजर.

ताईने कपाळावर हात मारला आणि त्यांच्याच भाषेत शिरली. “साहेब, निघाले तेव्हा झोत फार तडफदार होते. वाटेत वायूचा ढग ठिय्या देऊन बसलेला. झोतांनी त्याला ढकलत बरोबर घेतलं, आपला वेग त्याला वाटून दिला. म्हणून मंदावले.”

साहेब पुढे झुकले. “बसलेल्यांना कामाला लावलं?”

“अजून लावताहेत.”

“अहो बाई, याला मंदावणं नाही, पर्यवेक्षण म्हणतात!”

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: झोतांना बढती, काम पूर्ववत. ताईने अठरावं छायाचित्र घेतलं. झोत तिच्या गणिताइतकाच मंदावला होता, केसभरही इकडेतिकडे नाही. ती जवळजवळ पळतच तक्ता घेऊन कारकुनाकडे गेली.

“असा नाही घेता येणार ताई. वरिष्ठांची सही लागेल.”

“कोण वरिष्ठ?”

“झोतसाहेब. किती दिवस लागतील?”

“निरोप जाऊन उत्तर यायला? सहा हजार वर्षं.”

कारकुनाने खणातून कोरा कागद काढून पुढे सरकवला. “मग मुदतवाढीचा अर्ज द्या. दोन प्रतींत.”