माझा अर्ज

“हिला होम सायन्स बरं, अक्का. लग्नापर्यंत वेळ जाईल,” मामा आईला म्हणाले. मी समोरच बसले होते.

शाईची बाटली उघडली की त्या वासानं मल्लेश्वरमच्या आमच्या घरातली ती दुपार अजून आठवते, आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते. इंग्रजी शाळेत फक्त मी शिकले, म्हणून साऱ्या घराचे अर्ज मीच भरायची. माझ्या कॉलेजच्या अर्जात काय लिहायचं, ते मात्र मला कुणीच विचारलं नाही.

“लिहिलंस? स्वल्प लवकर,” मामा नेहमीसारखं ‘जरा’ला कानडी शब्द घालून म्हणाले.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं, पण मी बोलले. तेव्हा ते बोलणं माझं मलाच उद्धटपणाचं वाटलं. आज वाटतं, मी फार हळू बोलले.

“फिजिक्स लिहिलंय, मामा. तुम्हाला फसवणार नाही, पण खोडणारही नाही.”