देवळाच्या तीन खांबांवर काय होतं

भिगवण रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयात लग्नाला गेलो आणि अक्षता पडायच्या आधीच माझं डोकं फिरलं. दारात सहा ग्रीक खांब, आकाशी रंगाचे आणि उभ्या सोनेरी पट्ट्यांचे. अंग डोरिक, डोक्यावर कोरिन्थियनची पानं आणि पायाशी कुंडीसारखं काहीतरी बसवलेलं. अहो, डोरिक खांबाला खाली बैठक नसते! तो सरळ जोत्यावर उभा असतो, मध्ये किंचित फुगीर, म्हणून छपराचा भार अंगावर घेतल्यासारखा वाटतो. मी बोटानं टकटक केलं. आत पोकळ. फायबर!

बायको म्हणाली, "अवो, जेवाय चला. खांब कुठं पळून जात न्हायत." मी जिलेबीसुद्धा रागारागानं खाल्ली.

राग यायला कारण होतं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि ग्रीक देवळं हा माझा हातखंडा विषय. डोरिक, आयोनिक, कोरिन्थियन हे खांबांचे तिन्ही प्रकार फळ्यावर डोळे मिटून काढायचो. आयोनिक खांबाच्या माथ्यावरची दोन वेटोळी पोरांना जमेनात, तेव्हा सांगितलं, "मेंढ्याची शिंगं आठवा." वर्गातली निम्मी पोरं मेंढरं राखणाऱ्या घरांतली. त्यांनी ती माझ्याहून झकास काढली. आणखी एक गोष्ट मी दरवर्षी तिखटमीठ लावून सांगायचो. आज पांढरीशुभ्र दिसणारी ती संगमरवरी देवळं मुळात तशी नव्हतीच, त्यांच्यावर आणि त्यांच्या मूर्तींवर लाल-निळे रंग होते. पोरं आ वासून ऐकायची.

लग्नासाठी आठवडाभर पाहुण्यांकडंच होतो. गावी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा महादेवाच्या देवळात गेलो. शाळेच्या मैदानाला लागूनच आमचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. मंडपात चार खांब, चारही कोरीव, प्रत्येकावरचं काम वेगळं. लांबूनच ग्राइंडरचा आवाज आला आणि मी चपला न काढता आत धावलो. तीन खांब घासून गुळगुळीत केलेले, वर पुट्टी, त्यावर आकाशी ऑइलपेंट आणि उभ्या सोनेरी पट्ट्या. थेट त्या कार्यालयासारखे! आता एक माणूस चौथ्या खांबाला ग्राइंडर लावायच्या बेतात होता.

"बंद कर ते! कुणी सांगितलं हे?" मी असा ओरडलो की कबुतरं उडाली.

"मी, सर." माझा एक जुना विद्यार्थी पुढं येऊन पाया पडला. तो आता रंगकामाची कंत्राटं घेतो, जीर्णोद्धाराचं कामही त्याच्याकडंच. "दगड लई तेलकट व्हता, पुट्टी धरंना. म्हणून घासून घेतला. कार्यालयाचे खांब बी आमीच केल्यात. बघितलं का?"

दगड तेलकट असणारच. समईत तेल घालायचं आणि हात जवळच्या खांबाला पुसायचे, ही गावाची रीत. मीही आयुष्यभर तेच केलं. पण त्या क्षणी मला फक्त त्याचा गळा धरावासा वाटत होता.

"शेकडो वर्षांचं कोरीवकाम तू एका आठवड्यात पुसलंस? लाज नाही वाटली?"

त्याचा चेहरा पडला. "पर सर, तुमीच शिकवलं व्हतं की, ग्रीक लोक देवळं रंगवायचे. देवळाच्या मीटिंगला तात्या, आबा, सगळी म्हातारी माणसं रंग नको म्हणत व्हती. मी तुमचं नाव घेतलं, तवा गप बसली."

"रंगवायचे! घासायचे नाहीत! कोरलेलं उठून दिसावं म्हणून रंग द्यायचे रे!" माझा आवाज चिरकला. इतका संताप मला नोकरीत कधी आला नव्हता.

त्यानं ग्राइंडरची वायर स्वतः काढली. "चौथा ऱ्हाऊ द्या तसाच," तो त्या माणसाला म्हणाला. मग कानावरची पेन्सिल आणि पुठ्ठ्याचा तुकडा माझ्यापुढं धरला. "सर, ह्या तिन्हीवर काय व्हतं तेवढं काढून द्या. मी पाथरवट आणतो, व्हतं तसं करून घेतो. फोटो कुणाकडंच न्हाय. तुमी तर रोज येता."

मी पायरीवर बसलो. पहिल्या खांबावर एक बाई होती. तिच्या हातात आरसा होता की मूल? दुसऱ्यावर हत्ती होते की हंस? तिसऱ्यावर काहीच आठवेना. तिथं तर मी हात पुसायचो. शाळेच्या फाटकातून हे देऊळ दिसतं. तीस वर्षांत एकदाही मी वर्ग इथं आणला नाही, एकाही पोराला यातला एक खांब काढायला सांगितला नाही. पुस्तकात हे देऊळ नव्हतं.

पेन्सिल टेकवली. हात आपोआप चालायला लागला. एक वेटोळं डावीकडं, एक उजवीकडं.

तो वाकून बघत होता. "वळखलं, सर," तो आनंदानं म्हणाला. "मेंढ्याची शिंगं."